दोन जीए

मराठीच्या प्राध्यापकापुढे कोणी ‘जीए’ म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे एकच गृहस्थ उभे राहतात. धारवाडला इंग्रजी शिकवणारे, सभासंमेलनांपासून चार हात दूर राहणारे आणि तिथे बसल्या बसल्या ‘काजळमाया’सारखा कथासंग्रह लिहून जाणारे जी. ए. कुलकर्णी. साताऱ्याच्या एका महाविद्यालयात गेली अठरा वर्षे मी त्यांच्या कथा शिकवीत आलो आहे आणि दर वर्षी निदान दोन विद्यार्थी तरी मला “सर, यात शेवटी काय झालं?” असे विचारीत आले आहेत. या दोन अक्षरांवर आमचा, म्हणजे मराठीवाल्यांचा, कायमचा हक्क आहे अशी आमची समजूत असते. तासगाव तालुक्यात मात्र ती चालत नाही.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, तासगाव तालुक्यात दिलेली आहे. भाऊबीजेला तिच्याकडे जाण्याचा शिरस्ता मी सहसा मोडत नाही. दोन वर्षांपूर्वी असाच तिच्या सोप्यात फराळाचे ताट पुढे घेऊन बसलो होतो. तेवढ्यात भाचा बागेतून आला, पायांवर पाणी घेतले आणि आत डोकावून म्हणाला, “आई, जीएचा दुसरा डोस झाला. आता आभाळ काय म्हणतंय ते बघायचं.” हे माझे जीए नव्हेत हे कळायला फार अक्कल लागत नव्हती, भाच्याच्या अंगावर फवारणीचे कपडे होते. पण ऐन दिवाळीत, शेतकऱ्याच्या घरात, ही दोन अक्षरे ऐकून मला मोठी मौज वाटली. मी दाजींना म्हटले, “आमच्यातही एक जीए आहेत बरं का.” दाजींनी सुपारी कातरता कातरता विचारले, “त्यांचा दर काय?”

भाच्याचे जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड. पांढरी पूड असते. पाण्यात ती सहजी विरघळत नाही, म्हणून आधी स्पिरिटमध्ये किंवा ॲसिटोनमध्ये विरघळवून घेतात आणि मग पाण्यात मिसळतात. ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली की दोन-अडीच आठवड्यांनी वेलीवरचे कोवळे घड पोपटी दिसू लागतात. बागाईतदार तिला ‘पोपटी अवस्था’च म्हणतात. त्या वेळी पहिला डोस द्यायचा, दहा पीपीएमचा. म्हणजे शंभर लिटर पाण्यात अवघा एक ग्रॅम. चार-पाच दिवसांनी दुसरा, त्याहून थोडा चढा. शंभर लिटरला एक ग्रॅम! आमच्या घरी पाच माणसांच्या आमटीला याहून किती तरी जास्त हिंग पडतो. पण तेवढ्यानेही घडाचा देठ लांबतो, पाकळ्या सुट्या होतात आणि पुढे मण्यांना फुगायला जागा मिळते.

कौतुक करून मी हे विसरूनही गेलो असतो. परंतु पुढच्या फाल्गुनात अक्का स्वतः चार किलोची पेटी घेऊन साताऱ्याला आली. आमच्याकडे रिवाज असा, की गावाकडून काही आले की आळीत वाटी-वाटी द्यायची. सौभाग्यवतीने द्राक्षांची वाटी शेजारी दिली आणि ती दहा मिनिटांत परत आली. शेजारीण मनाने वाईट नाही. दारातूनच अगदी नरमाईने म्हणाली, “रागावू नका हं, पण आमच्याकडे हार्मोनची द्राक्षं खात नाहीत. मुलगी मोठी होतेय ना आता.”

अक्का आतच होती. तिने सारे ऐकले. ती काही बोलली नाही. वाटी घेतली, द्राक्षे पुन्हा धुतली, आणि आमच्या बारा वर्षांच्या मुलीपुढे ठेवता ठेवता तिचा हात थांबला. “हिला देऊ का नको रे?” तिने मला विचारले. ज्या बाईने तीस वर्षे त्या बागेत विरळणी केली, सुगीत त्याच मण्यांवर स्वतःची मुले वाढवली, ती माझ्या मुलीला वाटी देताना बिचकली. ते मला फार लागले. ‘हार्मोन’ या शब्दाची चौकशी केल्याशिवाय आता गत्यंतर नव्हते.

शब्दाची चौकशी हा माझा धंदाच आहे. स्टार्लिंग नावाच्या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १९०५ साली तो रूढ केला. मूळ ग्रीक धातूचा अर्थ ‘चालना देणे’. आमच्या पाठ्यपुस्तकांत त्याला ‘संप्रेरक’ म्हणतात. शब्द नेमका आहे, पण तासगावच्या बाजारात तो उच्चारला तर लोक नाव सांगितले असे समजून गाव विचारतील. मला विचाराल तर ‘निरोप’ हा साधा शब्द पुरेसा आहे. शरीराच्या एका भागाने दुसऱ्या भागाला धाडलेला निरोप. झाडाला नसा नाहीत, मेंदू नाही. त्याचा बहुतेक कारभार असल्या निरोपांवर चालतो.

हा निरोप माणसाच्या हाती कसा लागला ती कथा मला आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्याने सांगितली, आणि ती माझ्या जीएंनाही आवडली असती. जपानात भाताला एक रोग पडे. रोगट रोप इतरांपेक्षा उंच, फिकट आणि किडकिडीत वाढे, वाऱ्याने आडवे होई आणि दाणा धरल्यावाचून मरून जाई. जपानी शेतकरी त्याला ‘बकानाए’ म्हणत, म्हणजे खुळे रोप. हा एका बुरशीचा प्रताप आहे एवढे ठाऊक होते. १९२६ साली कुरोसावा नावाचे एक संशोधक त्या वेळी जपानच्या ताब्यात असलेल्या तैवानात काम करीत होते. त्यांनी बुरशी ज्या द्रवात वाढवली होती तो गाळला, बुरशी काढून टाकली आणि नुसता गाळीव द्रव निरोगी रोपांना दिला. ती रोपेही खुळ्यासारखी वाढली! म्हणजे खूळ बुरशीत नव्हते, बुरशीने सोडलेल्या पदार्थात होते. १९३५ साली याबुता यांनी बुरशीच्या नावावरून त्याला ‘जिबरेलिन’ असे नाव दिले. मध्ये महायुद्ध आले. पाश्चात्त्य जगाला या प्रकरणाचा पत्ता लागायला १९५० साल उजाडले. त्यानंतर कळले ते अधिक नवलाचे. हा पदार्थ निरोगी झाडेही आपल्या अंगात, अगदी चिमूटभर, तयार करीतच असतात. बुरशीने फक्त झाडाचीच सही शिकून घेतली होती. आजही कारखान्यांत जिबरेलिक ॲसिड त्याच बुरशीकडून करवून घेतात. चोराला कारकून नेमावा तसे हे झाले.

आता द्राक्षाकडे येतो. एरवी द्राक्षाच्या मण्यात बी असते आणि ‘वाढ’ हा निरोप मुख्यतः ते बीच मण्याच्या गराला धाडत असते. बीला आपल्याभोवती गोड गर हवा असतो, म्हणजे पाखरू येईल आणि तिला लांब नेऊन टाकील. परंतु आपल्याला बी नको. दाताखाली कचकन येते, मुले थुंकतात. म्हणून आपण थॉमसन सीडलेस आणले. त्याच थॉमसनमधून निवडून तासगाव तालुक्यातल्या बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी ‘तास-ए-गणेश’ हा वाण काढला, आणि तो पुढे महाराष्ट्रभर गेला. या जातींत फळधारणा होते, पण बी कोवळी असतानाच मरून जाते. नीट पाहिले तर मण्यात तिचा मऊ पांढरा ठिपका कधी कधी दिसतो. बी गेली की तिचा निरोपही थांबतो. मणी बापडा वाट पाहतो आणि लहानच राहतो. बेदाण्याला तसा चालतो, पण पेटीतल्या द्राक्षाला नाही. युरोपला जाणाऱ्या मालात तर मणी सोळा-अठरा मिलिमीटरचा मागतात.

मग तो निरोप बाहेरून द्यावा लागतो. फलधारणा झाली की मणी ज्वारीच्या दाण्याएवढा असताना एकदा आणि त्याच्या दुप्पट झाल्यावर पुन्हा एकदा, एकेक घड जीएच्या पाण्यात बुडवून काढतात. याला ‘डिपिंग’ म्हणतात, आणि ते हाताने करावे लागते. बाया हातात मग घेऊन वेलीखालून वाकून चालतात. घड मगात, घड बाहेर, पुढचा घड. अक्काच्या बागेत एका वेलीवर तीस-चाळीस घड धरतात; दोन एकरांत किती झाले याचा हिशेब मी करायला घेतला आणि सोडून दिला. हे सगळे मी अक्काला फोनवरून समजावून सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हंजे मेलेल्या बीचं काम आम्ही करतोय म्हण की.” मराठीचा प्राध्यापक मी, पण इतके नेमके वाक्य मला सुचले नव्हते.

यात गंमत अशी, की हाच निरोप एका महिन्यात अमृत असतो आणि दुसऱ्या महिन्यात विष. बागेची एक छाटणी एप्रिलात असते, ती खरड छाटणी. तिच्यानंतर दीड-दोन महिन्यांत नव्या काडीच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड आकार घेतात, साध्या नजरेला न दिसणारे. कृषीवाले त्याला ‘सूक्ष्म घडनिर्मिती’ म्हणतात. त्या डोळ्यातल्या पेशींपुढे तेव्हा दोन वाटा असतात, घड व्हायचे की बाळी. बाळी म्हणजे वेलीचा तो गुंडाळणारा तंतू, आधाराला धरणारा, पण निष्फळ. त्या वेळी झाडात जिबरेलिन वरचढ झाले तर घडाची बाळी होते. ऑक्टोबरात शेतकरी वेलीखाली उभा राहून वर पाहतो आणि म्हणतो, “घड जिरला.” ‘जिरणे’ हे क्रियापद पाण्याला लावतात, रागाला लावतात; घडाला लावलेले मी तिथेच प्रथम ऐकले, आणि ते ऐकताना दाजींचा चेहराही पाहिला.

म्हणून एप्रिलनंतर उलट औषध देतात, झाडातले जिबरेलिन दाबणारे. त्याचे नाव क्लोरमेक्वाट क्लोराइड. बागाईतदार त्याला ‘सीसीसी’ म्हणतात. या सीसीसीने २०१० साली हाहाकार केला. युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत त्याचा अंश तिथल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला आणि कंटेनर बंदरांत अडकून पडले. कर्ज काढून पाठवलेला माल परत आणायचा कसा आणि टाकायचा कुठे, या विवंचनेत कित्येक घरे गेली. शेजारणीच्या भीतीला काहीच आधार नाही असे म्हणूनच मी म्हणणार नाही. फळावर काय मारले जाते हे विचारण्याचा खाणाराला पुरा अधिकार आहे. फक्त प्रश्न योग्य दारी विचारला पाहिजे.

आणि ते दार ‘हार्मोन’चे नव्हे. माणसाचे हार्मोन आणि झाडाचे हार्मोन यांचा हुद्दा एक असला तरी तालुका वेगळा आहे. जतच्या तहसीलदाराचा हुकूम वाईत चालत नाही, तसे जिबरेलिनचे आहे. झाडाच्या पेशीत हा निरोप वाचणारी खास यंत्रणा असते. माणसाच्या शरीरात तशी यंत्रणा ठाऊक नाही. मुलींना वयात आणणारे जे हार्मोन, त्यांच्याशी याचे नाते नावापुरतेच. शिवाय हे डोस देतात ते मणी हिरवे आणि बारीक असताना. त्यानंतर पेटी भरायला दोन-अडीच महिने जातात. आणि जिबरेलिनला घाबरायचे तर मटकीला मोड आणणेही सोडून द्यावे लागेल. बी भिजले की आतला अंकुर हाच निरोप धाडून कोठाराची दारे उघडायला सांगतो. गहू, सातू यांसारख्या दाण्यांत त्या निरोपासरशी पिठाची साखर करणारी पाचकद्रव्ये सुटतात. मोड आणून केलेले नाचणीचे सत्त्व बाळाला पचायला हलके जाते ते अशाच पाचकद्रव्यांमुळे. आमच्या आज्यांना निरोप ठाऊक नव्हता, निरोपाची वेळ मात्र बरोबर ठाऊक होती.

काळजी घ्यायची ती डावणी आणि भुरी यांवर मारलेल्या औषधांची. पाऊस जितका अवेळी, तितक्या या फवारण्या जास्त. द्राक्षे वाहत्या पाण्याखाली चोळून, दोन-तीनदा धुऊन खावीत. मण्यावर पांढुरकी झाक दिसते तिला पुष्कळ जण औषध समजतात. ते बहुधा मण्याचे स्वतःचे मेण असते आणि ताज्या द्राक्षाची ती खूण आहे. अति जीए दिलेले द्राक्ष शरीराला नव्हे, चवीला बाधते असे माझे मत झाले आहे. देठ लाकडासारखा, साल जाड, मणी नुसता दिसायला टप्पोरा. व्यापाऱ्याला जाड मणी हवा, कारण आपण गिऱ्हाईक म्हणून जाड मणी आधी उचलतो. ही साखळी कुठून सुरू होते ते सांगायला नको.

त्या भाऊबीजेहून परतताना मी विटा-पुसेसावळी मार्गाने आलो होतो. हा रस्ता खटाव तालुक्यातून जातो. खटाव, माण, तिकडे आटपाडी, जत, हा सगळा अवर्षणाचा टापू. टेंभू-म्हैसाळचे पाणी काही भागात पोचले, काही भागात अजून त्याची वाट पाहणे चालू आहे. खिडकीतून शाळू दिसत होता. ओल कमी पडली की त्याची पाने आत वळतात. सहकाऱ्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “तो दुसरा निरोप, तुझ्या जीएच्या उलटा.” त्याचे नाव ॲब्सिसिक ॲसिड. १९६० नंतरच्या दशकात ते सापडले. पाणी आटू लागले की ते पानात साचते आणि पानांवरची सूक्ष्म छिद्रे मिटवायला लावते. वाढ थांबव, दारे लाव, आहे ते पाणी राख. माणच्या माणसाला हे शिकवावे लागत नाही.

द्राक्षात हे दुसरे ॲसिड आणखी एका वेळी वर येते. मणी कडक हिरवा असतो तो एके दिवशी मऊ पडू लागतो, पारदर्शक होतो, त्यात साखर भरू लागते. बागाईतदार म्हणतात, “मण्यात पाणी उतरलं.” या ‘पाणी उतरण्या’च्या आधी मण्यात ॲब्सिसिक ॲसिड वाढलेले असते आणि पिकण्याला चालना त्याचीच. दुष्काळात जो निरोप ‘थांब’ म्हणतो, तोच इथे ‘पिक’ म्हणतो!

आणि मघाचा तहसीलदाराचा नियम इथे मोडतो. २००७ साली इटलीतल्या जिनोआच्या शास्त्रज्ञांनी दाखवले, की माणसाच्या पांढऱ्या पेशीही हेच ॲब्सिसिक ॲसिड तयार करतात. त्यांचे पुढचे निरीक्षण माझ्या दृष्टीने घरचे आहे, कारण तीन वर्षांपासून मला साखर आहे. निरोगी माणसाने ग्लुकोज घेतले की त्याच्या रक्तात हे द्रव्य वाढते. प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहाच्या रुग्णांत ती वाढ दिसली नाही. फळांतून हे द्रव्य अल्प प्रमाणात देऊन साखर आटोक्यात राहते का, याचे लहान प्रयोगही झाले आहेत. औषधाच्या दुकानात जाण्याइतकी ही गोष्ट अजून मोठी झालेली नाही, आणि द्राक्षात मुळात साखरच इतकी, की तिच्या निमित्ताने पेटी रिकामी करायची सवलत मला मिळणार नाही. डॉक्टरांना मी मोठ्या उत्साहाने हे सांगितले. त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि लिहून दिले, “द्राक्षे : दहा ते बारा मणी, जेवणानंतर नव्हे.”

आभाळाला मात्र कुठलाच डोस नाही. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी पाऊस बसला तेव्हा अक्काची बाग फुलोऱ्यात होती. पोपटी घड जागच्या जागी कुजले. सोसायटीचे कर्ज त्या वर्षीचे राहिले ते पुढच्यात मिसळले. तेव्हापासून बाग काढून टाकायचे भाच्याच्या मनात आहे. ती दाजींनी स्वतः खड्डे घेऊन लावलेली आहे, म्हणून तो उघड बोलत नाही. यंदा दोघांनी मध्य काढला आहे. एक एकर बेदाण्याला ठेवायचे, मणी बारीक राहिला तरी चालेल. दुसऱ्या एकरात डिपिंग करायचे आणि छाटणी वीस दिवस पुढे ढकलायची. दाजी म्हणतात, पाऊस तारीख वाचत नाही. भाचा म्हणतो, बघू तर खरं.

छाटणी उशिरा, म्हणून पेटीही उशिरा, होळीच्या पुढे. अक्काने फोनवर बजावून सांगितले आहे, की या खेपेस मणी थोडा बारीक असेल पण साल पातळ आहे. शेजारी वाटी द्यायची की नाही ते सौभाग्यवतीने अजून ठरवलेले नाही. मात्र शेजारणीची मुलगी आमच्या मुलीकडे अभ्यासाला येते, आणि गेल्या वर्षी स्वयंपाकघरातून दोघींच्या हसण्याबरोबर टोपलीतली द्राक्षेही कमी होत होती.